व्हॅनला एक पायरी लावून घ्या



आज आठवण थोडी आणि मत जास्त असं लिहितोय. विषय इतका साधा आहे की कोणी म्हणेल, हा काय लिहायचा विषय झाला? ज्यांच्या घरी जुनी उंच व्हॅन, जीप किंवा तसली गाडी आहे आणि घरात सत्तरीच्या पुढचं माणूस आहे, त्यांनी गाडीच्या दाराखाली एक पक्की पायरी बसवून घ्यावी, एवढंच माझं म्हणणं. गॅरेजवाले तिला फूटबोर्ड म्हणतात, फूटस्टेप म्हणतात. आमच्या लहानपणी टांग्याला असायचं ते पायदान, तेच हे. खर्च फार नाही. ती नसल्यामुळे घरातलं काय जातं, ते मात्र तीन वर्षं डोळ्यांसमोर असून माझ्या लक्षात आलं नाही, म्हणून हे लिहावंसं वाटलं.

आमचं मूळ घर गुंदला. आता तिथे वर्षभर राहणारं कोणी नाही. आम्ही दांडेलीत, पुतणे बेळगाव-पुण्याला. चतुर्थीला मात्र सगळ्यांनी गुंदला जमायचं, हा नियम आईच्या वेळेपासूनचा. त्यासाठी आणि एरवीच्या सुपारीच्या कामासाठी घरात २००८ सालची एक डिझेल व्हॅन आहे. कुठल्या कंपनीची ते सांगत नाही, कारण दोष कंपनीचा नाही. आपल्या जोयडा तालुक्यातल्या रस्त्यांना पोट उंच असलेलीच गाडी लागते. पावसाळ्यात लाल चिखल, मोरीवर उघडे पडलेले दगड, कुठे झाडाची मुळं. खाली बसलेली गाडी घेऊन गेलात तर ऑइल चेंबर तिथेच ठेवून यावं लागेल.

तर आमच्या थोरल्या वहिनी, आता बयाऐंशीच्या. लग्न होऊन गुंदच्या घरात आल्या तेव्हा अठराच्या होत्या. त्या घरातला प्रत्येक गणपती त्यांच्या हातच्या नैवेद्याचा. पण गेली तीन वर्षं चतुर्थी आली की त्या म्हणायच्या, "तुम्ही सगळे या जाऊन. मी इथलं घर सांभाळते." पहिल्या वर्षी आम्हाला वाटलं, दादा गेल्यामुळे मन लागत नसेल. दुसऱ्या वर्षी गुडघ्यावर ढकललं. तिसऱ्या वर्षी कोणी फारसा आग्रहही केला नाही. म्हातारं माणूस 'नको' म्हणालं की आपल्यालाही जरा सोयीचं होतं, हे कबूल करायला हरकत नाही.

मागच्या मे महिन्यात नात्यातल्या एका लग्नाला जाताना खरा प्रकार कळला. व्हॅन दारात उभी. पुतण्याने एका बाजूने, ड्रायव्हरने दुसऱ्या बाजूने वहिनींच्या काखेत हात घातले आणि "एक, दोन, तीन" म्हणत त्यांना उचलून आत ठेवलं. पदर सुटला, चष्मा वाकडा झाला. समोर शेजारची चार माणसं उभी. कोणी हसलं नाही, पण सगळे बघत होते. परत आल्यावर मी त्यांना म्हटलं, "वहिनी, तुम्ही काही बोलला नाहीत, पण तुम्हाला आवडलेलं दिसलं नाही."

त्या म्हणाल्या, "भाऊजी, मी काय सुपारीचं पोतं आहे? दोघांनी उचलायचं नि दोघांनी उतरवायचं!"

मग हळूहळू बाकीचं बाहेर आलं. प्रवासाला निघायचं असलं की आदल्या रात्रीपासून त्या पाणी पिणं कमी करायच्या. कारण वाटेत उतरायची वेळ आली तर पुन्हा तो उचलण्याचा सोहळा. बयाऐंशी वर्षांची बाई, रक्तदाबाची गोळी घेणारी, ती पाणी पीत नव्हती. का? तर आमच्या गाडीची पायरी उंच होती. गुंदला न येण्याचं कारणही तेच. मन नाही, गुडघा नाही, पायरी.

दुसऱ्या दिवशी मी टेप घेऊन बाहेर गेलो. आयुष्यभर बँकेत आकडे बघितले, पण हा आकडा कधी बघितला नव्हता. जमिनीपासून व्हॅनच्या मधल्या दाराच्या तळापर्यंत बावीस इंच. आमच्या घरातल्या जिन्याची पायरी सात इंच. म्हणजे तीन पायऱ्या एका पावलात चढायच्या, तेही वाकून, कारण वर टप आहे. तिशीतला माणूस हे लक्षात न येता करतो. गुडघा नव्वद अंशाच्या वर वाकला, त्याच वाकलेल्या पायावर सगळं वजन घेऊन अंग वर उचलायचं, आणि त्या क्षणी दुसरा पाय हवेत. म्हाताऱ्या माणसाला भीती वाटते ती त्या हवेतल्या क्षणाची.

मग वहिनींच्या पायाचं माप घेतलं. त्यासाठी डॉक्टर लागला नाही. भिंतीशी पाटावर पाट ठेवले. तीन पाटांवर त्यांनी पाय सहज ठेवला. चौथ्यावर भिंतीचा आधार घेऊन. पाचवा ठेवल्यावर म्हणाल्या, "हे काही जमायचं नाही." चार पाट म्हणजे साधारण अकरा इंच. बावीसच्या बरोबर निम्मे. म्हणजे मध्ये एक पायरी आणि धरायला एक दांडा, एवढाच तर प्रश्न होता. तीन वर्षं आम्ही त्याला म्हातारपण म्हणत होतो.

आता थोडं मागचं सांगतो. मी लहान असताना गुंदकडे मोटारी फारशा यायच्या नाहीत. बैलगाडी किंवा पायपीट. माघी पौर्णिमेच्या सुमाराला उळवीच्या जत्रेला धारवाड-बेळगावकडून बैलगाड्यांची रांग लागायची, ती आजही काही प्रमाणात लागते. बैलगाडी काय कमी उंच होती? पण आई चाकाच्या तुंब्यावर पाय द्यायची, कठडा धरायची आणि वर जायची. तुंबा हीच पायरी. टांग्याला लोखंडी पायदान असायचं. जुन्या फोर्ड-शेवरोले मोटारींना दोन्ही बाजूंनी लांबच लांब फूटबोर्ड असायचा. तो शोभेचा नव्हता, गाड्याच उंच होत्या. दुसऱ्या महायुद्धानंतर मोटारींची बॉडी रुंद झाली, खाली आली आणि फूटबोर्ड गेला. ॲम्बॅसडरला त्याची गरजच नव्हती. मग आपल्याकडच्या रस्त्यांसाठी जीप, ट्रॅक्स आल्या. १९९४ साली टाटांची सुमो आली, जिचं नाव सुमंत मुळगावकरांच्या नावा-आडनावाच्या पहिल्या अक्षरांवरून ठेवलेलं. माणसं पुन्हा उंचावर बसायला लागली. काही गाड्यांना कंपनीनेच पायरी दिली, काहींना नाही. ज्यांना नाही, त्या गाड्यांतून तेव्हा तिशी-चाळिशीत असलेली माणसं टुणकन चढायची. गाडी तीच राहिली, माणसं सत्तरी-ऐंशीत आली.

गुंदच्या आमच्या घराचा ओटा पावसामुळे उंच बांधलेला. पणजीला तो चढवेना तेव्हा आजोबांनी ओट्याच्या खाली एक चिरा बसवला, मधली पायरी म्हणून. घराची शोभा जाईल का, असं कोणी विचारलं नाही. पणजी किती वर्षं वापरणार, असंही कोणी विचारलं नाही. तो चिरा अजून तिथे आहे. आता मीच त्याच्यावर पाय देतो.

मी घरात पायरीचा विषय काढला तेव्हा मात्र हे सगळे प्रश्न आले. ते तुमच्याही घरी येतील, म्हणून एकेक घेतो.

पहिला प्रश्न पुतण्याचा. "काका, गाडीला पंधरा वर्षं होऊन गेली. आता हिच्यावर पैसे कशाला घालता? नवीनच घेऊ." नवीन गाडी म्हणजे लाखांचा विषय. तो पुढे ढकलला जातो, दरवर्षी. खासगी गाडीची पंधरा वर्षांची नोंदणी संपली की तपासणी करून पाच वर्षांसाठी पुन्हा नोंदणी होते. आमची तशी झालेली आहे. पाच वर्षं गाडी चालणार असेल, तर पाच वर्षं माणसंही चढणार. आणि नवीन घ्याल ती बहुतेक उंचच असेल.

दुसरा प्रश्न, "एक प्लास्टिकचं स्टूल ठेवू की गाडीत." हा सर्वांत धोक्याचा उपाय. आम्हीही तो करून बसलो होतो. अंगणातल्या मातीवर स्टुलाचे चार पाय सारखे टेकत नाहीत. वजन कडेला पडलं की ते उलटतं. आणि या वयात पडणं म्हणजे नुसतं खरचटणं नाही. खुब्याचं हाड मोडलं की ऑपरेशन, अंथरूण आणि पुढचं सगळं, आपल्यापैकी बऱ्याच घरांनी पाहिलंय. शिवाय उतरताना स्टूल आधी खाली कोणी ठेवायचं? म्हणजे पुन्हा दुसऱ्यावर अवलंबून.

तिसरा, कायद्याचा. हा प्रश्न बरोबर आहे आणि तो विचारायलाच हवा. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२ प्रमाणे नोंदणीच्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला परस्पर करता येत नाही. २०१७ च्या डिसेंबरात केंद्राने गाड्यांच्या पुढे लावलेल्या लोखंडी बुलगार्डवर कारवाई करायला राज्यांना कळवलं, तेही तुम्हाला आठवत असेल. म्हणून कंपनीची त्या मॉडेलसाठी पायरी मिळत असेल तर आधी तीच बघा. मिळत नसेल तर काम करण्याआधी परिवहन कार्यालयात आरसी घेऊन जा आणि विचारा. पायरी बॉडीच्या रुंदीबाहेर काढू नका, टोकं धारदार ठेवू नका. आणि त्याच कायद्यात कलम १२३ आहे, ते तर फूटबोर्डावर उभं राहून प्रवास करण्यालाच बंदी घालतं. तेव्हा पायरी चढण्यासाठी, लोंबकळण्यासाठी नाही. जत्रेच्या दिवशी पोरांना हे सांगायला लागतं.

आता काम कसं करून घ्यायचं ते सांगतो, कारण आम्ही पहिल्यांदा चुकलो. बाजारातून चकचकीत गोल स्टीलचा पाइप लावून आणला. दिसायला झकास. पहिल्या पावसात माझीच चप्पल त्यावरून सटकली आणि नडगी सोलून निघाली. गोल पाइपवर पाऊल टेकत नाही, फक्त एक रेघ टेकते. आठ दिवसांत तो काढला.

मग एका जाणत्या मिस्त्रीकडून नीट करून घेतलं. त्याने शिकवलेलं असं. पायरी सपाट हवी, निदान सहा इंच रुंद, म्हणजे निम्म्याहून जास्त पाऊल बसतं. वर खवल्याखवल्यांचा चेकर प्लेटचा पत्रा, त्यात पाणी आणि चिखल खाली जायला भोकं. पायरीचा भार दाराखालच्या पातळ पत्र्यावर द्यायचा नाही. पंधरा वर्षांच्या गाडीत, त्यातून आपल्या पावसात, तो पत्रा आतून गंजलेला असतो आणि वरून कळत नाही. आमच्या गाडीला चेसिस वेगळी आहे, म्हणून चेसिसला तीन ब्रॅकेट नटबोल्टने कसले. काही व्हॅनना वेगळी चेसिस नसते, बॉडीच सगळं वजन घेते. तिथे कुठे आधार घ्यायचा हे त्या गाडीचं काम करणाऱ्यालाच विचारा. वेल्डिंग करायचंच झालं तर सुटे भाग बाहेर जोडून आणावेत. गाडीखाली डिझेलची नळी असते, ठिणगीशी खेळ नको.

उंचीचं माप रिकाम्या गाडीत घ्या. माणसं बसली की गाडी खाली बसते, त्यामुळे पहिल्यांदा चढणाऱ्याला आणि शेवटी उतरणाऱ्याला ती सर्वांत उंच असते. आणि म्हाताऱ्या माणसाला आपण आधी बसवतो नि शेवटी उतरवतो! पायरी फार खालीही घेता येत नाही, मोरीवर घासेल. आमची अकरा इंचांवर बसली. वहिनींचे चार पाट.

सर्वांत महत्त्वाचा भाग पायरी नाहीच, धरायचा दांडा आहे. दाराच्या आतल्या खांबाला, जमिनीवर उभं राहून हात पोचेल इतक्या खाली एक मजबूत हँडल. आधी हात, मग पाय. दार धरायचं नाही, सरकतं दार सरकतं. चढताना चांगला पाय आधी टाकायचा, उतरताना दुखरा पाय आधी खाली. आणि ड्रायव्हरने एवढं करावं, डावं दार रस्त्याच्या उंच बाजूला येईल अशी गाडी उभी करावी. उतारावर तीन-चार इंच असेच फुकट मिळतात. पायरी, ब्रॅकेट, हँडल, रेड ऑक्साइड मारून काळा रंग, सगळे मिळून साडेपाच हजार झाले. काढून टाकलेल्या पाइपाचे पैसे वेगळे, ते शिकवणीत धरले.

राहिला शेवटचा प्रश्न. तो कोणी तोंडाने विचारत नाही, पण सगळ्यांच्या मनात असतो. "किती दिवस वापरणार त्या?"

मी नोकरीत असताना कर्जाची मुदत ठरवताना माणसाचं वय बघत असू. ते बँकेत ठीक होतं. घरात तोच हिशोब आपण नकळत लावतो, याची मला लाज वाटली. वहिनी ती पायरी एक चतुर्थी वापरोत की दहा, त्यांना त्या दिवशी स्वतःच्या पायाने गाडीत चढायचं होतं. तेवढं पुरे आहे. आणि शुद्ध व्यवहार बघायचा तरी, गुंदसारख्या ठिकाणी मोठा दवाखाना म्हणजे दांडेली, त्याहून मोठा म्हणजे बेळगाव किंवा हुबळी-धारवाड. ज्या माणसाला गाडीत चढायची धास्ती वाटते ते माणूस दुखणं लपवतं. "उद्या बघू" म्हणतं. त्यात किती जातं, त्याचा हिशोब कुठल्या वहीत मांडायचा?

सरकारने २०१५ च्या ३ डिसेंबरला सुगम्य भारत अभियान सुरू केलं. स्टेशनं, विमानतळ, सरकारी इमारती सगळ्यांना वापरता याव्यात म्हणून. मोठ्या शहरांत लो-फ्लोअर बस आल्या, फुटपाथवरून जवळजवळ सरळ आत पाऊल. चांगलंच आहे. पण ती बस आपल्या जंगलातल्या रस्त्यावर येईल याची वाट बघत बसलो तर आमची पिढी संपेल. सुप्याचं धरण झालं, जुनं सुपा पाण्याखाली गेलं, तालुक्याचं ठिकाण जोयड्याला आलं. पुढे व्याघ्र प्रकल्प आला. या मोठ्या गोष्टी आपल्याला विचारून झाल्या नाहीत. घरच्या व्हॅनची पायरी मात्र आपल्या हातात आहे. ती सुद्धा आपण लावली नाही, तर तक्रार कोणाकडे करायची?

यंदा चतुर्थीला वहिनी आल्या. निघताना पुतण्या सवयीने काखेत हात घालायला पुढे झाला. त्यांनी त्याचा हात बाजूला केला, दांडा धरला, एक पाय पायरीवर, क्षणभर थांबल्या, दुसरा पाय आत. बसल्यावर पहिलं वाक्य काय, तर "पायरीला चिखल आहे, माझ्या लुगड्याचा काठ भरला. पुसत नाही का कोणी?" मला कौतुकाची अपेक्षा होती असं नाही, पण बरं वाटलं. पोत्याने तक्रार केली नसती.

वाटेत त्या दोनदा उतरल्या. एकदा गरज म्हणून आणि एकदा नुसत्याच, झाडाखाली उभं राहायला. पाण्याची बाटली मांडीवर होती आणि गुंद येईपर्यंत ती रिकामी झाली होती. ते मी मुद्दाम बघितलं.

गुंदला पोचल्यावर त्यांनी सगळ्या घरभर फेरी मारली, तीन वर्षांत काय काय कुठे हलवलं त्याची यादी सुनांना ऐकवली, आणि मोदकाच्या उकडीत मीठ कमी आहे हेही सांगितलं. सुना जरा वैतागल्या. घर भरल्यासारखं वाटलं.

तर मंडळी, या दिवाळीला गाडी धुवाल तेव्हा टेप घेऊन दारापाशी उंची मोजा. मग घरातल्या वडीलधाऱ्यांना चारचौघांत नाही, एकटं गाठून विचारा, की चढायला त्रास होतो का, वाटेत पाणी पिता का. पहिलं उत्तर "नाही रे, मला काही त्रास नाही" असंच येईल. त्यावर विश्वास ठेवू नका. पाट मांडून बघा.

कोणी याहून चांगला उपाय केला असेल, किंवा माझं काही चुकत असेल, तर जरूर सांगा. आणि गुंदकडे आलात तर घरी या. ओट्याच्या खाली चिरा आहे, सांभाळून पाय द्या.